बोकडाच्या काळजातला फुगा

लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा चाकणच्या कंपन्या आमच्या शिवारापर्यंत पोचल्या नव्हत्या. आता दुकानाच्या मागच्या दारात उभं राहिलं की निळ्या पत्र्यांच्या शेडी दिसतात, आणि शिफ्ट सुटली की रस्ता ओलांडायला पाच-पाच मिनिटं थांबावं लागतं. माझं माहेर बीडकडचं. माहेरी मटणाचा धंदा, सासरीही तोच. त्यामुळे सुरी कशी धरायची हे मला कुणी मुद्दाम शिकवलं नाही. इतर मुली भाकरी थापायला शिकतात त्या वयात मी वजडी, म्हणजे बोकडाची पोट-आतडी, धुवायला शिकले.

पुढं दुकानात आमचे हे बसायचे. लाकडी ओंडका, सत्तूर, वजनकाटा आणि गिऱ्हाइकांशी गप्पा हा सगळा त्यांचा प्रांत. मागं पत्र्याच्या आडोशाला मी. पोट, आतडी, मुंडी, पाय, काळीज, फोपसं हे सगळं आधी माझ्या हाताखालून जायचं. उकळत्या पाण्यात वजडी बुडवायची, चुना लावून खरवडायची, पांढरीशुभ्र झाली की टोपल्यात रचायची. "तुमच्याइतकी स्वच्छ वजडी चाकणात कुठं मिळत नाही राव," असं गिऱ्हाईक म्हणालं की हे मान डोलवायचे, जणू त्यांनीच ती खरवडली होती. मला मागं ऐकू यायचं आणि हसू यायचं.

काळजात नाहीतर फोपशात अधूनमधून पाण्याचे फुगे निघत. बोराएवढे, लिंबाएवढे, एखाद्या म्हाताऱ्या मेंढीत तर पेरूएवढे. पांढरट जाड कातडी आणि आत नितळ पाणी. माझे वडील म्हणायचे, "जनावर तळ्याकाठचं गवत खातं, त्याचं पाणी साचतं आत. कापून टाकायचं नि मोकळं व्हायचं." मीही तेवढंच करत आले. फुगा कापायचा आणि मागच्या दारातून बाहेर भिरकावायचा. बाहेर सहा-सात कुत्री रांगेत बसलेली असत. त्यातल्या एका तपकिरी कुत्रीवर माझा फार जीव होता. ती फुगा वरच्यावर झेलायची. काम संपलं की माझ्या पायाशी येऊन पडायची, मी तिच्या कानामागं खाजवायची आणि हातावर तांब्याभर पाणी ओतून तिथंच भाकरी खायला बसायची. वीस वर्षं हा माझा रोजचा क्रम होता.

अडतिसाव्या वर्षी माझ्या उजव्या बरगडीखाली जडपणा यायला लागला. आधी वाटलं, पित्त. मग वाटलं, उकिडवं बसून काम करते म्हणून असेल. ओवा खाल्ला, गोळ्या खाल्ल्या, जागरण सोडलं, तिखट सोडलं. जडपणा काही जाईना. मग एक दिवस पाण्याची बादली उचलताना आतून अशी कळ आली की मी बादलीसकट खाली बसले. त्याच दिवशी ह्यांनी दुकान बंद केलं आणि मला पिंपरीला मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

सोनोग्राफीच्या खोलीतली डॉक्टर वयानं लहान होती. पोटावरून यंत्र फिरवता फिरवता ती एका जागी थांबली, तिनं पडदा स्वतःकडं वळवून घेतला आणि विचारलं, "मावशी, घरी कुत्रं आहे?"

"पाळलेलं नाही. दारात असतात."

"आणि काम काय करता?"

"मटणाचं दुकान आहे आमचं."

"अच्छा," एवढंच ती म्हणाली. पण ते 'अच्छा' मला घरी येईपर्यंत टोचत राहिलं. पोटाच्या दुखण्याचा आणि दारातल्या कुत्र्याचा काय संबंध?

मोठ्या डॉक्टरांनी नंतर नीट सांगितलं. "काळजात, म्हणजे लिव्हरमध्ये, गाठ आहे. कॅन्सर नाही, घाबरू नका. ही किड्याची गाठ आहे, पाण्यानं भरलेली. वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. आधी काही आठवडे गोळ्या घ्यायच्या, मग ऑपरेशन करून काढू. तोवर जड उचलायचं नाही. आत फुटली तर जिवावर बेतू शकतं."

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी मी उशीला टेकून बसले होते. डॉक्टर फेरीवर आले, जखम बघितली आणि खूश होऊन म्हणाले, "अख्खी काढली, एक थेंब सांडू दिला नाही. बघायचीय?" त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. स्टीलच्या ताटलीत एक मोठी पांढरट पिशवी होती आणि तिच्याशेजारी द्राक्षांसारखी लहान लहान पिल्लं.

मी फोटोकडं बघतच राहिले.

"डॉक्टर, हे माझ्या ओळखीचं आहे."

"म्हणजे?"

"हे मी रोज बघते. बोकडाच्या काळजात."

डॉक्टर निघता निघता थांबले आणि स्टूल ओढून बसलेच. म्हणाले, "बरोबर ओळखलंत. तेच आहे हे."

माझा पहिला प्रश्न मटणाचा होता. "मग मटण खाऊन झालं का मला?"

"नाही. त्या फुग्यातून माणसाला थेट होत नाही. तो फुगा कुत्र्यानं कच्चा खाल्ला की कुत्र्याच्या आतड्यात बारीक किडे तयार होतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात. डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. मातीत पडतात, भाजीवर बसतात, कुत्र्याच्या केसांना चिकटतात. गवताबरोबर शेळीच्या पोटात जातात आणि हाताबरोबर माणसाच्या."

ते गेले. मी छताकडं बघत पडून राहिले. फुगे भिरकावणारा हात माझा, कुत्रीच्या कानामागं खाजवणारा हात माझा आणि भाकरी मोडणाराही तोच. मग आणखी एक गोष्ट डोक्यात आली आणि टाक्यांपेक्षा ती जास्त दुखली. दुकानाच्या मागच्या मोकळ्या जागेला लागूनच गावची अंगणवाडी आहे. ती कुत्री दुपारी तिथल्याच मातीत लोळतात, आणि चार वाजता पोरं त्याच मातीत घरं बांधतात.

ह्यांना मी हॉस्पिटलातच सगळं सांगितलं. मऊ खिचडीचा डबा उघडता उघडता त्यांनी ऐकून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. पण हे गावात बोलू नको."

"का?"

"लोक अर्धंच ऐकतात. खाटकाच्या बायकोच्या पोटात किडे निघाले, एवढंच गावभर होईल. आपल्या दारात कोण येईल मग?"

त्यांचं काही खोटं नव्हतं. शेजारच्या गावात एका दुकानाबद्दल नुसती अफवा उठली तर तो माणूस दोन महिने माशा मारत बसला होता. मी गप्प बसले. पण गप्प बसणं आणि पटणं वेगळं.

टाके निघाल्यावर मी पहिलं काम केलं ते राजगुरुनगरला गुरांच्या सरकारी दवाखान्यात जाण्याचं. ह्यांना सांगितलं, देवाला जाते. बरोबर घट्ट झाकणाच्या बरणीत, मिठाच्या पाण्यात घातलेला एक फुगा नेला होता. तिथं एक मॅडम होत्या, माझ्याहून लहान, पायात गमबूट. त्यांनी बरणी उजेडात धरली आणि मला म्हणाल्या, "ताई, इतकी वर्षं मी खाटकांना सांगतेय. असं बरणी घेऊन स्वतःहून आलेलं पहिलं माणूस तुम्ही."

त्यांनी मला तासभर बसवून घेतलं. काळजात रुतलेला जाड कातडीचा फुगा कोणता आणि चरबीच्या जाळीला लोंबणारा, आत एकच पांढरा ठिपका असलेला पातळ फुगा कोणता, हे दाखवलं. दुसऱ्या प्रकारचा माणसाला सहसा त्रास देत नाही, पण तोही कुत्र्यामुळेच होतो, म्हणून दोन्हींची जागा एकच: खड्डा. पित्ताच्या नळीत पानासारखे चपटे किडे असतात तेही त्यांनी सांगितलं. ते मी हजार वेळा बघितले होते, फक्त ते जिवंत किडे आहेत हे मला माहीत नव्हतं.

"मॅडम, मग मी आता काय करू?"

"फुगा कुत्र्याच्या तोंडात जाऊ द्यायचा नाही. एवढं एक केलंत तरी पुष्कळ. माणूस उंच असेल एवढा खोल खड्डा घ्या, वर चुना, त्यावर कुत्र्याला उचलता येणार नाही असं झाकण. कुत्र्यांच्या गोळ्यांचं मी बघते."

घरी आल्यावर ह्यांना खरं सांगितलं. ते चिडले, देवाचं नाव घेऊन खोटं बोललीस म्हणाले. मी पदर बाजूला केला आणि पोटावरची लांब शिवण दाखवली. "ह्याच्यावर चिडा," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणातून पहारीचा आवाज आला. बघते तर हे छातीएवढ्या खड्ड्यात उभे, घामानं निथळत. झाकणाला त्यांनी कंपनीच्या भंगारातला जाड पत्रा आणला, त्याला बिजागऱ्या ठोकल्या, वर कडी लावली. "गावाला काय सांगायचं ते नंतर बघू," म्हणाले. "पण तुला पुन्हा त्या टेबलावर झोपलेली नाही बघायची मला."

कुत्र्यांना हा बदल अजिबात रुचला नाही. ती रोज येऊन रांगेत बसायची आणि माझ्या रिकाम्या हाताकडं बघायची. तपकिरी कुत्री तर पत्र्यावर पंजे घासून रडायची. मग मॅडमनी गोळ्या पाठवल्या. खिम्याच्या गोळ्यात औषधाची गोळी घालायची, खाऊ घालायचं, दोन दिवस कुत्री बांधून ठेवायची आणि त्यांची घाण हातमोजे घालून उचलून खोल पुरायची. सहा कुत्री आली लगेच. सातवा, एक कान फाटलेला लांडा, मोठा हुशार. खिमा खायचा आणि गोळी थुंकायचा. तीन वेळा थुंकली. चौथ्या वेळी ह्यांनी गोळी कुटून काळजाच्या रश्शात कालवली आणि स्वतः त्याच्यासमोर उकिडवे बसले. लांड्यानं भांडं चाटूनपुसून घेतलं. हे टाळी वाजवून उठले, "गिळली बघ! गिळली!" इतक्या महिन्यांत मी त्यांना तेवढं खुशीत पाहिलं नव्हतं.

तरी हे सगळं मागच्या दाराआड चाललं होतं. पुढच्या दारी ते आलं एका रविवारी, आखाडात.

आखाडातला रविवार म्हणजे दुकानापुढं सकाळपासून रांग. कंपनीतली पोरं, गावची माणसं, पार रावेतहून गाडी घेऊन आलेली कुटुंबं. मी मागं वजडीत अडकले होते, म्हणून ह्यांनी एक बोकड पुढंच उलगडला. मी टोपली घेऊन पुढं आले तर काट्यावर काळीज ठेवलेलं, आणि त्याच्या कडेला लिंबाएवढा फुगा. ह्यांनी सत्तुरानं तेवढा भाग उडवला, उरलेलं काळीज पिशवीत घालायला उचललं. मला दिसलं की आत खोलवर आणखी दोन होते.

माझा हात आपोआप पुढं गेला. मी ह्यांच्या हातातून ते काळीज काढून घेतलं.

"हे विकायचं नाही."

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. पिशवी धरून उभा असलेला माणूस म्हणाला, "काय झालं वहिनी? खराब आहे का माल?"

आता मागं फिरायला जागा नव्हती. मी रांगेकडं तोंड केलं. "मटण चांगलं आहे. जनावर ताजं आहे. या काळजात किड्याची गाठ आहे, म्हणून ते खड्ड्यात जाणार. अशीच गाठ माझ्या पोटातून काढली दोन महिन्यांमागं. मटण खाऊन नाही झाली मला. आम्ही ह्या गाठी कुत्र्यांना टाकत होतो, त्या कुत्र्यांकडून झाली. आता आमच्याकडं टाकत नाही." आणि मी ते काळीज सगळ्यांसमोर मधोमध चिरून दाखवलं.

दोन-तीन जण रांगेतून निघून गेले. एक बाई नाकाला रुमाल लावून गाडीत बसली. ह्यांनी सत्तूर खाली ठेवला. मला वाटलं, संपलं, आपल्या हातानं धंद्यावर पाणी सोडलं. तेवढ्यात रांगेतली एक म्हातारी पुढं सरकली. गावातलीच, कडक जिभेची. "मला दुसरं काळीज दे," म्हणाली. "पर तू बघून दे. तुझ्या दाल्ल्याचं काय खरं न्हाई."

रांगेत हशा पिकला. ह्यांनाही हसू फुटलं. मी दुसरं काळीज घेतलं, दोन्ही बाजूंनी चाचपलं, चिरून उजेडात धरलं आणि म्हणाले, "घ्या. निर्मळ आहे." मागून एक कंपनीतला पोरगा ओरडला, "वहिनी, आमचंपण चेक करा!" त्या दिवशी दुपारपर्यंत मी पुढंच उभी होते. पुढच्या रविवारी रांग वळणापर्यंत गेली, आणि नाकाला रुमाल लावून गेलेली बाई त्या रांगेत होती. ह्यांनी माझ्यासाठी पुढं दुसरा ओंडका मांडला. वीस वर्षांत पहिल्यांदा मी दुकानाच्या पुढच्या बाजूला बसले.

मग आली गावची यात्रा. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी मटणाचं जेवण असतं. घरटी बोकड पडतो, शेतात, अंगणात, ओढ्याकाठी. आणि संध्याकाळपर्यंत आतडी-फोपसी बांधावर पडलेली, पंचक्रोशीतली कुत्री तिथं जमलेली. माझा एक खड्डा त्यापुढं काय पुरणार? मी गावकीच्या बैठकीत जाऊन बोलले. एकच मागणी, सगळ्यांनी पोटातला माल एका जागी आणावा, तपासून घ्यावा आणि टाकायचं ते तिथंच पुरावं. माझे चुलत सासरे यात्रा कमिटीचे म्होरके. ते पानाची पिंक टाकून म्हणाले, "सूनबाई, आमी पिढ्यान्‌पिढ्या बोकडं कापतोय. कुणाला काय बी झालं न्हाई. आता बायांनी येऊन आमाला बोकडाचं प्वाट शिकवायचं व्हय?"

पुरुष हसले. मी हात जोडून बाहेर आले.

पण बोकडाचं पोट त्या दिवशी धुतं कोण? बायाच. मी घरोघर गेले. प्रत्येक घरी पोटावरची शिवण दाखवली आणि अंगणवाडीतल्या मातीचं सांगितलं. फार बोलावं लागलं नाही. ज्या घरात लहान पोर होतं तिथली बाई माझं वाक्य पुरं व्हायच्या आत "आमी आणतो" म्हणायची. खड्ड्याचा प्रश्न तर हसत सुटला. जमिनी कंपन्यांना गेल्यापासून आमच्या गावात बैलजोडी दाखवायला नाही, पण जेसीबी तीन आहेत. एकीनं आपल्या नवऱ्याला सांगितलं, "जेसीबी न्हाई आणला तर रस्सा मिळायचा न्हाई." त्यानं दहा मिनिटांत गायरानात विहिरीसारखा खड्डा काढून दिला.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खड्ड्याच्या काठावर टेबल मांडलं. हातमोजे, सुरी, चुन्याच्या गोण्या. मॅडमही गमबूट घालून आल्या. नऊ वाजेपर्यंत कुणी फिरकलं नाही, आणि मला कमिटीचं हसणं ऐकू यायला लागलं. मग गायरानाच्या वाटेवर पहिली बादली दिसली. तिच्यामागं दुसरी. मग डोक्यावर पाट्या, घमेली, रंगाचे रिकामे डबे घेऊन बायाच बाया, नव्या साड्या खोचून, हसत-खिदळत. मी एकेक काळीज तपासत गेले. निर्मळ असेल तर परत द्यायची, नसेल तर खड्ड्यात. मॅडम म्हणाल्या, "ताई, तुमचा हात माझ्यापेक्षा जलद चालतोय." थोड्या वेळानं बायांनीच फुगे ओळखायला सुरुवात केली. "ह्ये बघ, ह्यो ठिपक्यावाला," "ह्यो रुतलेला." एक नवी नवरी तर अशी तरबेज झाली की तिला मी दुसरी सुरी दिली.

दुपारी चुलत सासरे आले. पांढरं धोतर, डोक्याला फेटा आणि हातात झाकलेली बादली. त्यांनी बादली माझ्यासमोर ठेवली.

"बघ गं सूनबाई. आमच्या बोकडात काय न्हाई निघायचं, पर बघ."

मी काळीज उचललं. चिरायचीसुद्धा गरज नव्हती. "मामंजी, चार आहेत."

त्यांनी वाकून बघितलं. बोटानं दाखवत विचारलं, "ह्येच तुझ्या पोटात व्हतं?"

"हेच. नारळाएवढं."

त्यांनी मग कुणाकडं न बघता बादली उचलली, स्वतः खड्ड्याच्या काठाशी गेले आणि उपडी केली. वर दोन ओंजळी चुना टाकला. आणि वळून, बैठकीतल्यासारख्या मोठ्या आवाजात गायरानभर ऐकू जाईल असं ओरडले, "ज्यांनी ज्यांनी घरी ठिवलंय त्यांनी आणा रं! एक आतडं बांधावर दिसता कामा न्हाई!"

तासाभरात पुरुषही बादल्या घेऊन यायला लागले. संध्याकाळी जेसीबीनं खड्डा बुजवला तेव्हा ओढ्याकाठी, बांधावर कुठंही काही पडलेलं नव्हतं. कुत्री गावभर हिंडत होती आणि उपाशी पोटानं परत येत होती. बायांनी त्यांना उकडलेली हाडं घातली. रात्रीच्या पंगतीत कमिटीनं मला पहिल्या ओळीत बसवलं, आणि मामंजींनी स्वतः माझ्या ताटात रस्सा वाढला.

आता वर्षातून एकदा माझी सोनोग्राफी होते. यंदाही काळीज स्वच्छ निघालं. तीच लहान डॉक्टर होती. तिनं पडदा माझ्याकडं वळवून सगळं दाखवलं, आणि मी तिला फोनवर आमच्या यात्रेतल्या खड्ड्याचा फोटो दाखवला.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावच्या कमिटीचा फोन आला. त्यांची यात्रा जवळ आली होती. ह्यांनी उचलला आणि थोडा वेळ ऐकून घेतलं. "थांबा, मॅडमना विचारतो," म्हणाले. मला वाटलं, दवाखान्यातल्या मॅडमबद्दल बोलतायत. पण त्यांनी फोन बाजूला धरून माझ्याकडं बघितलं. "येणार का विचारतायत. काय सांगू?"

"सांगा, खड्डा आधी खणून ठेवा," मी म्हणाले. "झाकणासकट."

त्यांच्या यात्रेच्या सकाळी ह्यांनी दुकानाला कुलूप लावलं, चुन्याची गोणी गाडीच्या पुढं ठेवली, हातमोज्यांचा खोका माझ्या मांडीवर दिला आणि आम्ही निघालो.